मिरजेचा सिंह आणि मामंजींच्या मिशा

माझा जन्म आफ्रिकेतला, हे कळलं की समोरचा माणूस आजही पहिल्यांदा एकच विचारतो. सिंह पाहिलाय का? लग्न होऊन आले तेव्हा शेजारणींनी विचारलं, आता शाळांमधून गोष्टी सांगायला जाते तर तिसरीतली पोरं विचारतात. मी म्हणते, पाहिलाय की. सांगलीत.

पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. म्हातारी थट्टा करतेच, तिला आता दुसरा उद्योग नाही, पण हे मात्र अगदी खरं आहे. मुलांसाठी चित्रं काढणं आणि गोष्टी लिहिणं हा जो धंदा मी आयुष्यभर केला, तो सुरू झाला सांगलीतल्या त्या सिंहापाशी. तो सिंह भेटला नसता तर माझी रंगांची पेटी माळ्यावर गेली असती आणि मी आज कुरडयांवर व्याख्यानं देत असते.

माझे वडील मूळचे पलूसकडचे. तरुणपणी बोटीत बसले ते मोंबासाला उतरले आणि बंदरावरच्या एका गोदामात कारकून झाले. मी तिथेच जन्मले, तिथेच वाढले. बंदरात काय असतं? बोटी, क्रेन, नारळाची झाडं, मांजरं, कावळे. सिंह आत रानात, रेल्वेनं दिवसभर जावं तेव्हा कुठे. आम्ही कधी गेलो नाही. मी सिंह पाहिला होता तो बिस्किटाच्या डब्यावर, आणि तोही अर्धा खरवडलेला.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, फौजेबरोबर मोंबासाला होते. भाकरीच्या ओढीनं ते माझ्या वडिलांच्या घरी यायचे. ती ओळख पत्रापत्रांतून टिकली आणि माझं लग्नाचं वय झाल्यावर त्यांनी आपल्या धाकट्या मुलासाठी मला मागणी घातली. मुलगा कोरेगावच्या शाळेत मास्तर, घरची उसाची जमीन. वडिलांना आपली पोर आपल्या मुलखात परत जावी असं फार वाटायचं. मी मात्र तो मुलूख कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे 'परत' कसली जाणार?

तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोरेगावच्या स्टेशनवर एक मुलगी उतरली. पायात टाचेचे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी रंगांची पेटी धरलेली. शाळेत असताना बोटीच्या चित्राला तिला बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे आपण थोर चित्रकार आहोत याविषयी तिच्या मनात काही शंका नव्हती. ती बया आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. बैलगाडीत चढताना एक बूट शेणात रुतला तो तिनं उपसून काढला नाही, कारण थोर चित्रकार खाली वाकत नाहीत. एक बूट घालून ती सासरी आली.

तोंड उघडलं तेव्हा आणखी गंमत. माझी मराठी वडिलांकडून आलेली, म्हणजे त्यांनी पलूस सोडलं तेव्हाची. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या दारात भाकरतुकडा हातात घेऊन माझं बोलणं ऐकत राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "बोलती तर माज्या आजीवानी. बूट तेवढा मडमेचा."

त्या घरात मामंजींचा दरारा मोठा. सहा फूट उंची, डोक्याला पटका, आणि मिशा अशा की आधी मिशा दारातून आत येत, मग मामंजी. फौजेतून हवालदार होऊन परतले होते. पारावर बसून ते आफ्रिकेच्या गोष्टी सांगत आणि त्यातली मुख्य गोष्ट सिंहाची. रानातल्या वाटेवर सिंह आडवा आला आणि मामंजींनी त्याला एका गोळीत लोळवला. गावात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. दर पावसाळ्यात तो सिंह हातभर वाढत असे.

साहजिकच मी आल्यावर पारावरच्या मंडळींना वाटलं, आता दुसरा साक्षीदार आला. मी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं की मी सिंह पाहिलेला नाही. कुणी विश्वास ठेवला नाही.

"भ्याली आसंल पोर," आत्याबाई म्हणाल्या. "आठवण काडू नगासा."

मी ओट्याच्या भिंतीवर गेरूनं बोट काढली. आत्याबाईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, बोट. "हितं पानी कुठाय?" असं म्हणून त्यांनी बोटीच्या शिडाच्या काठीला खुंटी ठोकून घेतली आणि त्यावर चाळण अडकवली. तरी मी काढतच राहिले. दुपारी भांडी झाली की ओट्यावर बसून शेळ्या, कोंबड्या, उसाची मोळी, पोरांची तोंडं. आमच्या ह्यांनी त्यातली काही चित्रं शाळेत नेऊन लावली. शाळेची प्रमाणपत्रं सांगलीच्या एका छापखान्यात छापली जात. त्या छापखान्याचे मालक कामासाठी शाळेत आले होते, त्यांनी भिंतीवरच्या शेळ्या पाहिल्या आणि निरोप पाठवला. बाई आफ्रिकेच्या आहेत असं कळलं. त्यांनी लहान मुलांसाठी सिंहाचं चित्रांचं पुस्तक करावं. हळदीच्या पोत्यांवरची लेबलं छापून पिवळी शाई बरीच उरली आहे, ती सिंहाला बरी पडेल.

माझ्या पुस्तकाचा जन्म हा असा. शाई उरली होती.

ह्यांना आनंद झाला. मला तर आकाश ठेंगणं. मामंजींना मात्र ते पसंत पडलं नाही. ऊसतोड चालू होती, घरात माणसांचा राबता होता आणि सून दिवसाढवळ्या ओट्यावर बसून शेळीला डोळे काढत होती. गावात लोक बोलू लागले होते. एका दुपारी त्यांनी मला समोर बोलावलं.

"काडतीस ती चांगली काडतीस," ते म्हणाले. "पर ह्ये काय काम न्हवं. एक पुस्तक कर. छापलं तर पेटी तुजी. न्हाई छापलं, तर पेटी माळ्यावर, आन पुन्यांदा रंगाचं नाव न्हाई. कबूल?"

"कबूल," थोर चित्रकार म्हणाली. तिला वाटलं, सिंह काढायला असं किती लागतं.

कितीतरी लागतं. चार पाय काढले, शेपूट काढलं, आयाळ काढली. पण तोंड? बिस्किटाच्या डब्यावरचं तोंडच नेमकं खरवडलेलं होतं. मग उग्र, दरारा असलेलं, मिशीवालं असं जे एकच तोंड माझ्या रोजच्या पाहण्यातलं होतं ते हाताखाली आपोआप उतरायला लागलं. मला ते कळलं नाही. शेजारची पाच वर्षांची पोर ओट्यावर येऊन चित्रावर वाकली आणि म्हणाली, "काकी, आज्ज्याला शेपूट कवा आलं?"

आत्याबाई धावत आल्या. बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. हसून हसून भिंत धरली.

"आयाळ नगं गं काडू," शेवटी म्हणाल्या. "त्येंचं टक्कल हाय."

मी दुसरा सिंह काढला. तोही मामंजी. तिसरा बसलेला काढला, तर मामंजी पारावर बसलेत तसा. झोपलेला काढला, तर जेवणानंतरचे मामंजी. मग तशीच चित्रं बांधली, कारण छापखान्यात नेऊन द्यायची वेळ झाली होती, आणि थोर चित्रकाराला अजूनही वाटत होतं की हे फक्त आपल्या घरच्यांनाच दिसतं.

ह्यांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. मग मला सांगलीला कोण नेणार? मामंजी. कोरेगावपासून सांगलीपर्यंत गाडीत ती चित्रं मी मांडीखाली धरून बसले.

छापखान्याचे मालक गोल गरगरीत, सतत तपकीर ओढणारे. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, गाठोडं सोडलं. पहिलं चित्र पाहिलं. मान वर करून मामंजींकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. पुन्हा मामंजींकडे.

"काय झालं?" मामंजी म्हणाले.

"काही नाही. चेहरा ओळखीचा वाटला."

मामंजींनी चित्र ओढून घेतलं. मी जमिनीकडे बघत होते. मामंजींचा हात आपोआप मिशीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"बाई," मालक मला म्हणाले, "तुम्ही सिंह बघितलाय ना?"

"नाही."

"आफ्रिकेच्या ना तुम्ही?"

"बंदराच्या."

त्यांनी मामंजींकडे मोर्चा वळवला. "फौजेत होता म्हणे तुम्ही तिकडे. तुम्ही तरी बघितला असेल?"

"लय," मामंजी म्हणाले.

"मग यांना जरा सांगायचं की, कसा असतो ते."

मामंजींनी घसा साफ केला. "मोठा आसतोय. पिवळा आसतोय." थोडं थांबून म्हणाले, "दात आसत्यात."

मालकांनी तपकिरीची डबी बंद केली. माणूस दिलदार होता, पण धंद्यात स्पष्ट. असला सिंह ते छापणार नव्हते. शाळा उघडायच्या आत पुस्तक निघालं तर खपणार, नाहीतर यंत्र त्यांना पंचांगासाठी मोकळं हवं होतं. "मैदानावर सर्कस उतरलीय," ते म्हणाले. "जाऊन बघून या. सिंह जमला तर ठीक. नाहीतर राहू द्या, तुमची शेळी छान आहे."

शेळी छान आहे. हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

मैदानाकडे जाताना मामंजी पुढे, मी मागे. माझ्या डोळ्यांसमोर माळा. माळ्यावरचं मोडकं पाळण्याचं लाकूड, फुटकी घागर आणि त्यांच्यामध्ये माझी पेटी.

खेळाला अवकाश होता. तंबूच्या मागे जनावरांचे पिंजरे मांडलेले. हत्तीला आंघोळ घालत होते. सिंहाच्या पिंजऱ्यापाशी एक माणूस तंबाखू मळत बसला होता, तो सिंहाचा सांभाळ करणारा, तासगावकडचा. त्यानं आम्हाला जवळ येऊ दिलं. सिंह झोपला होता. पोट वर, पाय हवेत, गोठ्यातलं कुत्रं पडावं तसा.

मामंजी गजांसमोर उभे राहिले. पाठ ताठ, हात मागे. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले,

"आसा आसतोय व्हय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण कान लाल झाले होते.

"म्हंजे," ते म्हणाले, "आमच्या येळचं जरा येगळं हुतं."

"हो मामंजी."

"लांबून बगितल्याला."

"हो."

त्यांनी पटका सारखा केला. "पोती मोजायला हुतो मी बंदरावर," ते म्हणाले. "समदी लढाई पोतीच मोजली. गावात येऊन काय सांगायचं? आमी पोती मोजली म्हणून?"

"मामंजी, मीही आजच बघतेय."

"तू बी?"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"आमाला वाटायचं, लाजतीयास." मग त्यांना खुदकन हसू आलं. मिशांच्या मागून आलेलं त्यांचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं. "सूनबाई, ह्ये घरी न्हाई सांगायचं."

"नाही सांगणार."

"मी हाय तवर. म्होरं मग तुजी मर्जी."

मामंजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

मी खाली बसकण मारली आणि कागद काढला. तेवढ्यात त्या माणसानं गजांवर काठी वाजवली आणि म्हणाला, "ऊठ की गड्या. बाई आल्यात चित्र काडाय." सिंह उठला. आधी जांभई दिली, मग पुढचे पाय ताणले आणि मागचा भाग वर केला, आमच्या घरचं मांजर करतं तसं. मला तेव्हा समजलं की सिंहाचा सगळा जोर खांद्यात असतो, तोंडात नाही. दरारा असा तोंडावर काढायचा नसतोच. मी सबंध सिंह मिशीत कोंबत बसले होते.

"ह्याला कुठून आणला?" मी विचारलं. "आफ्रिकेतून?"

"छ्या," तो म्हणाला. "ह्यो मिरजंचा. तळ पडला हुता आमचा मिरजंत, तवा जलमला. ह्येचा आजा आलता म्हणं तिकडनं. ह्येला काय ठावं न्हाई. हिंदीत बोलावलं तर तोंड फिरवतोय. मराठीच कळती त्येला."

मामंजी मोठ्यानं हसले. "म्हंजे ह्यो मिरजंचा आन तू मोंबाशाची. उलटंच झालं की गं समदं."

मी हसले नाही. मी सिंहाकडे बघत होते आणि तो माझ्याकडे. त्यालाही लोक येता-जाता विचारत असणार, रान कसं असतं रे? आणि तो बिचारा म्हणत असणार, मला काय ठाऊक, मी मिरजेचा.

ऊन चढलं. मी काढत होते. एक कागद संपला, दुसरा घेतला. कागदावर सावली पडली म्हणून वर पाहिलं तर मामंजी छत्री घेऊन उभे. माझ्यावर धरलेली, स्वतः उन्हात. ज्या माणसानं कधी आत्याबाईंच्या हातातली घागर घेतली नव्हती, तो भर सांगलीत सुनेवर छत्री धरून उभा होता. सर्कशीतली माणसं गोळा झाली, कुणी मान पुढे काढून बघायला लागलं. मामंजींनी फौजेतला आवाज काढला.

"बाजूला व्हा. काम चाललंय."

काम. तो शब्द मी ऐकला. मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते आणि मोठ्या चित्रकारांनी असं रडायचं नसतं, अशी त्या बयेची समजूत होती.

घरी आल्यावर मी सगळी गोष्ट नवी लिहिली. एक सिंह मिरजेत जन्मतो. जो तो त्याला रानाबद्दल विचारतो. हत्ती विचारतो, पोपट विचारतो, तिकीट फाडणारा विचारतो. प्रत्येक पानाच्या शेवटी सिंह म्हणतो, "मला काय ठाऊक? मी मिरजेचा." शेवटी एक लहान मुलगी येते आणि रानाबद्दल विचारतच नाही. ती विचारते, भाकरी खातोस का? एवढीच गोष्ट. आत्याबाईंना वाचून दाखवली तर म्हणाल्या, "मंग? खाल्ली का त्येनं भाकरी?" ते मी पुस्तकात घातलं. खाल्ली.

चित्रं मी पुन्हा काढली, खांद्यांपासून सुरुवात करून. ते दिवस मामंजी ओट्याच्या तोंडाशी खाट टाकून बसत. कुणी मला हाक मारली की म्हणत, तिचं काम चाललंय. आत्याबाईंनीही मारली तरी तेच. त्यावरून दोघांचं एकदा चांगलं वाजलं.

छापखान्याच्या मालकांनी चित्रं पाहिली आणि डबी उघडायला विसरले. एका जागी मात्र बोट ठेवून म्हणाले, "बाई, सिंहाला अशा मिशा नसतात हो. हा बघा, पुन्हा ओळखीचा चेहरा."

"ह्या सिंहाला आहेत," मी म्हटलं. ते मी मुद्दाम केलं होतं. थोर चित्रकारानं चुकून काढलेल्या मिशा, आता समजून काढलेल्या.

पुस्तक निघालं. काळा आणि हळदीचा पिवळा, दोनच रंग. पिवळा जरा मळकटच. शाळा उघडल्या आणि कोरेगावच्या गल्ल्यांतून पोरं एकमेकांना उत्तर म्हणून तेच फेकायला लागली. गृहपाठ का नाही केला? मला काय ठाऊक, मी मिरजेचा. आमच्या ह्यांनी वर्गात ते ऐकलं आणि त्या पोराला छडी मारायच्या ऐवजी घरी येऊन मला सांगितलं. साताऱ्याच्या, सांगलीच्या शाळांनी पुस्तक मागवलं, लोणंदच्या बाजारात एका भांडीवाल्याच्या दुकानात ते तांब्यांच्या शेजारी मांडलेलं मी स्वतः पाहिलं. पुढे पुण्याचे प्रकाशक आले, उसात रुतलेल्या बोटीचं पुस्तक झालं, म्हशीचं झालं, एका पायात बूट घालून येणाऱ्या नवरीचंही झालं. मुंबईत बोलावून बक्षीस दिलं, शाल दिली. मी हे सगळं सांगते ते मिरवायलाच सांगते. एवढं केलंय तर मिरवू नको? माझ्या पुस्तकांवर ज्यांनी पहिली अक्षरं ओळखली त्यांची नातवंडं आता मला सिंहाबद्दल विचारतात.

पेटी माळ्यावर गेली नाही. मामंजींनी सुताराला बोलावून ओट्याच्या भिंतीला फळी ठोकून घेतली, बरोबर माझ्या गेरूच्या बोटीवर. चाळण खाली आली, पेटी वर गेली.

पण मिरवण्याचं खरं सांगायचं तर ते पारावरचं. पुस्तकाची पहिली प्रत हातात पडली, तशी मामंजींनी पटका बांधला, ती काखेत मारली आणि पार गाठला. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागून गेले. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचावा तसं, बोट फिरवत. म्हातारी मंडळी मान हलवत होती. एकानं पुस्तक हातात घेतलं, सिंहाचं तोंड निरखलं, मग मामंजींकडे पाहिलं, आणि विचारलं,

"आवं हवालदार, तुमी मारल्याला त्यो आसाच हुता काय?"

मामंजींनी घागर घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुस्तक परत घेतलं, सिंह नीट पाहिला आणि मिशीला पीळ देत म्हणाले,

"हुता आसाच. पर मिशा येवड्या भारी नव्हत्या त्येच्या."